तीस पावलं मागून

एजंट गिरमे स्कूटर स्टँडला लावता लावताच म्हणतो,
"मॅडम, एरिया एकदम क्रीम."
मी वहीत लिहिते :
धायरी. टँकर, तोही दिवसाआड.
आंबेगाव. टेकडी कापलेली, रात्रभर डंपर.
कोथरूड. भाडं ऐकून हे नुसतेच हसले,
आणि मालकीणबाईंनी आडनाव दोनदा विचारलं,
दुसऱ्यांदा जरा हळू आवाजात,
जणू पहिल्यांदा माझंच काही चुकलं होतं.

तेजलला शाळा हवी चालत जाण्यासारखी.
ह्यांना कंपनीची बस जिथे थांबते तो कोपरा.
मला ओट्यावर उजेड,
आणि एक खिडकी, जिच्यातून
दुसऱ्यांचे कपडे वाळताना दिसतील.
हे मी कुणाला बोलले नाही.
मामांना विचारलं, तुम्हाला काय हवं,
तर म्हणाले, "घरी कवा जायचं?"

उदगीरला मामा हरवायचे,
पण ते हरवणं आम्हाला कळायचंच नाही.
मोंढ्यातून कुणीतरी मोटारसायकलवर
बसवून आणायचं,
चहा पिऊन जायचं.
तलाठी नागोराव सगळ्यांना ठाऊक.
तेहतीस वर्षं लोकांच्या बांधांचा हिशोब ठेवला,
आता स्वतःचंच नाव
कुठल्या रकान्यात आहे ते सापडत नाही.

म्हणून मी एक सुरू केलं.
फ्लॅट बघून झाला की म्हणायचं,
"मामा, तुम्ही व्हा पुढं, मी आले चप्पल घालून,"
आणि तीस पावलं मागून चालायचं.
ह्यांना सांगितलं नव्हतं. रागावले असते.
मलाही ते बरं वाटत नव्हतं,
म्हातारा माणूस असा
मासा सोडून बघावा तसा रस्त्यात सोडायचा.

बाणेरला फुटपाथ इतका गुळगुळीत
की मामा सरळ चालतच राहिले.
सात मिनिटं. एका कुत्र्याखेरीज
कुणी मान वळवली नाही.
शेवटच्या गेटवर गार्डनं अडवलं,
"कुठला नंबर?"
"गट नंबर एकशे बारा," मामा ताठ उभे राहून म्हणाले.
तो बिचारा स्क्रीनवर शोधत बसला.

बिबवेवाडीचा फ्लॅट मी मनातून काटला होता.
दुसरा मजला, लिफ्ट नाही, मोरीच्या भिंतीला ओल,
ओट्याशी भर दुपारी दिवा लावावा लागणार.
मामांना पुढं सोडलं ते केवळ सवयीनं.

इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी केली.
"आजोबा, कुणाकडं?"
"उदगीरला."
तो गोंधळला. त्यानं पलीकडे हाक मारली,
आणि गिरणीतून एक माणूस बाहेर आला,
भुवयांपर्यंत पांढरा.
त्यानं मामांकडे बघितलं,
मग, का कोण जाणे, घड्याळाकडे.
"उदगीरची गाडी संध्याकाळी आहे.
तोवर बसा की सावलीत."
स्टूल पुढं आलं. त्याचा एक पाय आखूड,
खाली पुठ्ठ्याची घडी.

मी विजेच्या खांबामागे उभी.
हातात मामांच्या गोळ्यांची पिशवी, आणि गळ्यात
काहीतरी अडकल्यासारखं.
गिरमे म्हणाला, "मॅडम, ह्याच्याहून भारी दाखवतो,
उंड्रीला, स्विमिंग पूलवालं."
मी म्हटलं, "नको. करार किती महिन्यांचा?"

आता इथे पाच महिने झाले.
ओल तशीच आहे. रंगवली तरी वर येते.
बसचा थांबा लांब पडतो, हे रोज ऐकवतात,
आणि ते खरंही आहे.
तेजलची शाळा मात्र जवळ, वाटेत नाला लागतो,
उन्हाळ्यात नाक दाबून पळते.

मामा रोज चारला गाडीसाठी निघतात,
काखेत रिकामी पिशवी.
गाडी रोज निघून गेलेली असते.
कुणीतरी त्यांना जिन्याशी आणून सोडतं,
आणि सदऱ्यावर, पाठीच्या बरोबर मधोमध,
पिठाचा एक पंजा असतो,
अंगठा जरा पुसट.
मी तो लगेच झटकत नाही.